खिशातला ओळंबा

माझ्या हातच्या तिळगुळाला 'रिवर्क' असा पिवळा टॅग लागला, तो दिवस मी या जन्मात विसरणार नाही. नवीन भाडेकरू म्हणून मोठ्या उत्साहाने वाटी भरून खाली घरमालकांकडे देऊन आले होते. संध्याकाळी वाटी परत आली, धुऊन पुसून, आणि तिच्यात पुठ्ठ्याचा एक टॅग. त्यावर छापल्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: 'चव उत्तम. आकार असमान. कडकपणा दातांच्या मर्यादेबाहेर. रिवर्क.' खाली सही.

मी तणतणतच जिना उतरले. म्हटलं, "काका, निदान संक्रांतीच्या दिवशी तरी गोड बोलावं माणसाने!"

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, चव उत्तम आहे हे पहिल्याच ओळीत लिहिलंय."

आता या माणसाशी भांडणार तरी कसं?

नाशकात शरणपूरच्या मागच्या बाजूला त्यांचं दुमजली घर. खाली ते एकटे, वर आम्ही तिघं: मी, नवरा आणि आमची लेक गार्गी. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी इन्स्पेक्टर म्हणून काढली. गल्लीतली पोरं त्यांना पोलीस समजून आधी घाबरायची, पण हे चोर पकडणारे इन्स्पेक्टर नव्हेत. हे सुटे भाग तपासणारे. नखाएवढा स्क्रू हातात घ्यायचा, मापायचा, आणि पास, रिवर्क किंवा रिजेक्ट यांपैकी एक टॅग लावायचा. चालण्यासारखा असेल तर निळा शिक्का मारलेला पास, दुरुस्त होण्यासारखा असेल तर पिवळा, आणि लाल लागला की संपलं. कारखान्याने त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी कारखान्याला काही निवृत्त केलं नाही. टॅगांचा अख्खा गठ्ठा त्यांनी घरीच कापून ठेवला होता, तिन्ही रंगांत.

आम्ही सामान घेऊन आलो त्याच दिवशी त्यांनी आमच्या फ्रिजकडे बोट दाखवून सांगितलं की याचा मागचा डावा पाय आखूड आहे. मी म्हटलं, सहा वर्षं वापरतोय, कधी जाणवलं नाही. ते म्हणाले, "फ्रिजला जाणवत होतं." मग खाली जाऊन जुन्या लग्नपत्रिकेची घडी घालून आणली आणि पायाखाली सरकवली. खरं सांगते, त्या दिवसापासून फ्रिजची घरघर थांबली. मला याचाच जास्त राग आला.

नोव्हेंबर लागला की त्यांच्या अंगात राखाडी कोट यायचा तो फेब्रुवारीपर्यंत उतरायचा नाही. त्या कोटाच्या उजव्या खिशात कायम एक पितळी ओळंबा. भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला बांधून सोडतात ना, तो टोकदार लट्टू. चांगला पाव किलोचा ऐवज. त्याच्या भाराने कोटाची उजवी बाजू डावीपेक्षा चार बोटं खाली लोंबायची. जगातला वाकडेपणा शोधत हिंडणारा हा माणूस स्वतः मात्र सदैव एका अंगाला कललेला दिसायचा. हे त्यांना सांगायची माझी काही छाती झाली नाही.

"डोळा खोटं बोलतो बाई," ते म्हणायचे. "तोंड तर बोलतंच बोलतं. ओळंबा नाही बोलत." आणि खिशावर हात आपटायचे.

तर अशा या माणसाच्या ओसरीवर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, ते चर्चमधून परत आले की, गल्लीतली सात-आठ पोरं जमायला लागायची. नाताळच्या भेटवस्तू बनवायला. त्यांत नाताळ ज्याच्या घरचा असं एकच पोरगं. बाकी आमची सगळी दिवाळीवाली, आणि पलीकडच्या कॉलनीतली दोघं बुद्धपौर्णिमेची खीर खाणारी. पण डिसेंबरात सगळ्यांना नाताळ लागायचा.

पहिला कायदा, विकत काही आणायचं नाही. ओसरीवर वर्तमानपत्रं पसरलेली असायची आणि त्यावर गावभरचं भंगार: द्राक्षांच्या पेट्यांच्या फळ्या, कांद्याच्या गोणीची लाल जाळी, लग्नपत्रिका, करवंट्या, रिफिल संपलेली पेनं, आणि येवल्याच्या एका विणकराने दिलेली रेशमाच्या तुटक्या धाग्यांची पिशवी. डिंकसुद्धा दुकानातला चालायचा नाही. मैद्याची खळ शिजवायची, आणि तीही ते पळी वर धरून तपासायचे. गुठळी दिसली की पातेलं माझ्याकडे वर यायचं. फुकटची कारखान्यात लागले होते मी.

दुसरा कायदा मात्र मला फार आवडायचा. वस्तूला हात लावण्याआधी टॅगवर नाव लिहायचं. कोणासाठी? आई, काकू, दूधवाले, कोणीही. पण एकच माणूस. मग तीन दिवस त्या माणसाकडे नुसतं बघायचं. काय शोधतो, कशावर चिडतो, कशाला हात पुरत नाही. याला ते 'सर्व्हे' म्हणायचे. "आधी माणूस मोजा, मग वस्तू मापा. नाहीतर कपाटात ठेवायला शोभेची कटकट तयार होते." पोरं वह्या घेऊन लोकांच्या मागे हिंडायची. दूधवाल्याने एकदा मला घाबरून विचारलं, "वहिनी, ही तुमची पोरगी तीन दिवस झाले माझ्याकडं काय बघून ऱ्हायली?"

गार्गीने एका वर्षी माझा सर्व्हे केला. वहीत काय नोंद सापडावी? 'आई सकाळी सात वेळा माझी किल्ली कुठंय म्हणते. पाच वेळा बाबांना रागावते. किल्ली तिच्याच पदराला असते.' मला मिळाली ती करवंटीची वाटी, दारामागे टांगायची, येवल्याच्या रेशमाची वेणी घातलेली. तिला आधी दोनदा पिवळा टॅग लागला होता. 'कड टोचते. आईच्या बोटाचा विचार केला नाही.' आज नऊ वर्षं झाली, त्या करवंटीत हात घालते, किल्ली असते, बोटाला काही टोचत नाही.

तपासणीचा दिवस म्हणजे वार्षिक परीक्षाच. ते टेबलामागे बसायचे, व्हर्नियर कॅलिपर पुढ्यात. वस्तू मापायची, ओढून बघायची, टेबलावरून तीनदा खाली पाडायची. एका सहा वर्षांच्या छोटीने लग्नपत्रिकेचा देवदूत केला होता, त्याचा एक पंख मोठा झाला. काकांनी तो उंच धरला आणि म्हणाले, "हा आकाशात सोडला तर डावीकडे वळत वळत परत नाशिकलाच येईल." पोर भोकाड पसरून रडलं. तिची आई तरातरा आली. "अहो, सहा वर्षांची आहे ती! कौतुक करायचं सोडून..."

"कौतुक तर करतोय," ते गोंधळून म्हणाले. "नीट तपासतोय ना त्याला."

आम्ही सगळ्या आयांनी ठरवलं, बास, उद्यापासून पोरं पाठवायची नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती छोटी स्वतःच कात्री घेऊन त्यांच्या पायरीवर बसलेली. आमच्या कौतुकात काही दम नव्हता हे पोरांना केव्हाच कळलं होतं. आम्ही न बघताच "अरे वा" म्हणायचो. ते बघायचे. आणि तो 'पास'चा निळा शिक्का बसला की पोरं अशी मान ताठ करून घरी यायची की विचारू नका.

आता त्यांच्या बहिणीचं सांगते, कारण त्याशिवाय हे सगळं अर्धवट राहील.

त्यांची धाकटी बहीण ओझरला राहते. घरात तिला सगळे बायो म्हणायचे. बायोच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, एसटीची ड्यूटी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा रचून घर बांधलं. घराच्या प्रार्थनेला चर्चचे पाळकसाहेब आले, सासरची माणसं आली, आणि काका गेले आईचा फोटो घेऊन. आईचा तेवढा एकच फोटो होता, आणि तो यांच्याकडे. बायोने कितीतरी वर्षं मागितला होता. नव्या घरात आई भिंतीवर हवी म्हणून यांनी हौसेने फ्रेम करून नेला. फोटो सरळ लागावा म्हणून खिशातला ओळंबा काढला आणि भिंतीवर सोडला.

"वर पाऊण इंच आत," यांनी भर माणसांत जाहीर केलं. "भिंत ओळंब्यात नाही. फोटो वाकडा दिसेल. आधी भिंत उतरवून घ्या."

भाऊजींच्या हातावर अजून सिमेंटचे फोड होते म्हणे. ते नुसते बाहेर जाऊन उभे राहिले. बायो म्हणाली, "दादा, फोटो घे आणि जा. परत या घरात येऊ नको."

काका फोटो घेऊन निघाले. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, एकदा चहा पिताना, आणि शेवटी विचारलं, "बाई, मी चूक काय बोललो? पाऊण इंच होता. मी दोनदा मापलं." त्यांना खरोखर कळत नव्हतं. पुढे निवृत्त होईपर्यंतची तीन वर्षं कारखान्याची बस रोज बायोच्या गल्लीवरून जायची, आणि हे रोज दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचे. हेही त्यांनीच सांगितलं. मला त्या वेळी त्यांचा राग यायला हवा होता. पण चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसलेला तो माणूस बघून मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

बारा वर्षं बहीणभाऊ बोलले नाहीत.

गार्गी नऊ वर्षांची होती, तेव्हाची गोष्ट. नाताळ चार दिवसांवर. मी खळीचं पातेलं घेऊन खाली गेले तर काकांनी गार्गीला आत पिटाळलेलं, कपाटाच्या खालच्या खणातून काचपेपर आण म्हणून. या बयेने उघडला भलताच खण. दोन्ही हातांत मावेनात एवढ्या लाकडी फ्रेमा छातीशी धरून बाहेर आली. "आजोबा, या कोणाच्या? सगळ्यांना लाल टॅग आहे!"

"ठेव ते जागेवर." असा आवाज त्यांचा आम्ही कधी ऐकला नव्हता.

पण टॅग वाचायला त्यांनीच शिकवलेलं ना. गार्गी मोठ्याने वाचतच सुटली. "प्रति बायो, ओझर. पाचर एक मिलिमीटर जास्त, रिजेक्ट. प्रति बायो, ओझर. पाचर अर्धा मिलिमीटर कमी, रिजेक्ट. प्रति बायो..." अकरा फ्रेमा. दर नाताळला एक. आणि टेबलावर बारावी, निम्मी घासलेली.

"बायो कोण?"

"बहीण माझी."

"मग तिला एकपण का नाही दिली?"

"पास झाली नाही."

मी मनात म्हटलं, काय माणूस आहे हा! बारा वर्षं बहिणीकडे जायचं धाडस होत नाही, आणि खापर फोडतो बिचाऱ्या फ्रेमांवर.

गार्गीने एक फ्रेम उलटी केली. मागे खालच्या बाजूला लाकडाची पातळ पाचर चिकटवलेली होती. "हे कशाला?"

"भिंत वर आत आलीय तिची. पाचर लावली की फोटो सरळ राहतो."

गार्गीने नाक मुरडलं, तिच्या वडलांसारखं. ती पाचर बोटाने चाचपत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, मग टॅगवर नाव चुकलंय. ही भेट बायोआजीची नाहीच. भिंतीची आहे."

मला वाटलं हिच्या तोंडावर हात ठेवावा. पण पोरगी थांबेल तर ना! "तुम्ही तिचा सर्व्हे केला का? तीन दिवस?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाले, "लहानपणी केला होता. शाळेतून आली की दप्तर खाली टाकायच्या आधी ओरडायची, आई कुठंय? रोज. आई चुलीपुढेच असायची, तरी रोज."

"म्हणजे तिला आई हवी," गार्गी म्हणाली. "पाचर नको."

माझ्या हातातली खळ गार होऊन गेली होती. डोळे भरून आले होते, आणि सात-आठ पोरांसमोर रडायची सोय नव्हती.

त्यांनी पटाशी घेतली आणि बाराव्या फ्रेमची पाचर काढली. पटाशी सरकली, मागच्या बाजूला चांगला बोटभर ओरखडा पडला. सवयीने त्यांचा हात लाल टॅगाकडे गेला. गार्गीने त्याआधीच निळा शिक्का उचलला आणि ठोकला. त्यांनी शिक्क्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "ज्याचा शिक्का, त्याने मालासोबत जायचं असतं," ते म्हणाले. "कारखान्याचा नियम आहे."

आता असा काही नियम होता की एकट्याने जायची भीती वाटत होती, ते देव जाणे. पण नाताळच्या दुपारी आमच्या गाडीत पुढे ते, मांडीवर बाराव्या फ्रेममध्ये बसवलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला आईचा फोटो, आणि मागे गार्गी आणि मी. नवरा गाडी चालवत होता. ओझर आलं. गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, "ही नाही. पुढची." पुढे गेलो. मग म्हणाले, "मागचीच होती." ज्या गल्लीवरून एवढी वर्षं बसने गेले, ती गल्ली चुकले. नवरा गाडी वळवून आला.

बायोच्या दारावर कागदी चांदणी लावलेली होती, एका बाजूला पार झुकलेली. त्यांनी ती बघितली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चांदणीला हात न लावता दार वाजवलं.

दार उघडलं ते तिनेच. त्यांच्यासारखंच नाक. ती बघतच राहिली. एवढा मोठा माणूस, पण त्यांच्यात भेटल्यावर करतात तो सलामही विसरला. नुसता फोटो पुढे केला. "बायो, आई आणलीय."

"बारा वर्षं लागली का रे दादा, नाशिकहून ओझर यायला?" ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. रडता रडताच बाजूला सरकली. आम्ही आत गेलो.

खोलीच्या तीन भिंती कॅलेंडरं, लग्नातले फोटो, नातवंडांची बक्षिसं यांनी भरून गेलेल्या. चौथी मोकळी. नुसता मधोमध एक खिळा.

"यांनीच ठोकला तो, त्याच दिवशी," बायो म्हणाली. "तू गेला आणि तासाभरात ठोकला. म्हणले, येईल की कधीतरी. मी तिथं दुसरं काही लावू दिलं नाय."

भाऊजी खुर्चीतून उठले नाहीत. बघत होते. काकांनी फोटो खिळ्याला अडकवला आणि दोन पावलं मागे सरकले. भिंत वरून आत आलेली, त्यामुळे फोटो किंचित पुढे झुकला.

"बघ दादा," बायो म्हणाली, "आई वाकून बघती आपल्याकडं."

तेवढ्यात भाऊजी बोलले. बारा वर्षांत पहिल्यांदा. "दादा, ओळंबा आणला असंल ना? सोडा की एकदा. बघू तरी, भिंत अजून कलली का हाय तशीच हाय."

काकांचा हात खिशाकडे गेला. आत गेला. गार्गीने माझा हात घट्ट धरला.

हात बाहेर आला, रिकामा.

"नाही आणला," ते म्हणाले. "घरी राहिला."

गार्गी माझ्याकडे डोळे विस्फारून बघायला लागली. मी तिला डोळ्यांनीच दटावलं. कोटाची उजवी बाजू चार बोटं खाली लोंबत होती, आंधळ्यालाही दिसावी अशी. भाऊजींनी ती बघितली. बायोनेही बघितली. भाऊजी हळूच हसले आणि शेजारची खुर्ची त्यांनी पुढे ओढली.

"बस दादा," बायो म्हणाली. "कोट काढ की. गरम होत असंल."

"नको," ते घाईने म्हणाले, "असू दे. थंडी आहे."

थंडी कसली, चांगलं ऊन होतं. घामाघूम होऊन ते बसले, एक हात खिशावर दाबून. बायोने ताटली पुढे केली. नाताळच्या करंज्या. सगळ्या वेगवेगळ्या आकाराच्या, एक तर कडेला फुटून सारण बाहेर आलेलं. त्यांनी नेमकी तीच उचलली. आलटून पालटून बघितली. खाल्ली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"चव उत्तम," ते म्हणाले.

आम्ही पुढच्या ओळीची वाट बघत राहिलो. त्यांनी दुसरी करंजी घेतली.